बदकाचे पिल्लू असे का वागते?

कोंबडीची पिल्ले आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असतात. आईच्या मागे दाणे टिपत फिरणारी, घार दिसताच तिच्या पंखाखाली शिरणारी पिल्ले हे खेड्यातल्या अंगणातले नेहमीचे दृश्य. बदकाची पिल्ले मात्र त्या मानाने अपरिचित. आपल्या देशात बदके जास्त करून पाळली जातात ती पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ प्रदेशांत. केरळातील कुट्टनाड भागात भाताची कापणी झाली की बदकांचे मोठमोठे कळप शेतांतून चरायला नेतात. सांडलेले दाणे, किडे आणि गोगलगायी यांवर ती पोसली जातात. आपल्याकडे मात्र तळ्याकाठच्या किंवा ओढ्याकाठच्या एखाद्या घरी कोंबड्यांबरोबर चार-सहा बदके दिसतात, इतकेच.

त्यामुळे कोणी पहिल्यांदा बदकाची पिल्ले आणली, की तो त्यांच्याकडे कोंबडीच्या पिल्लांच्या अनुभवातून पाहतो आणि गोंधळतो. एक घास खाल्ला की ही पिल्ले पाण्याकडे का धावतात? कोरड्या जमिनीवर बसून आंघोळ केल्यासारखे अंग का घुसळतात? माणूस खोलीबाहेर गेला की कानठळ्या बसेपर्यंत का ओरडतात? मान लांब करून, पाय मागे ताणून मेल्यासारखी का झोपतात? मान वाकडी करून एकाच डोळ्याने आढ्याकडे का पाहतात?

या सर्व गोष्टी निरोगी पिल्लाच्या आहेत. उलट, नवख्या माणसाला साध्या वाटणाऱ्या काही गोष्टी, उदाहरणार्थ एखादे पिल्लू शांतपणे बाजूला बसून राहणे, धोक्याच्या असू शकतात. यांतला फरक ओळखायचा कसा? त्यासाठी एक प्रश्न फार उपयोगी पडतो. पिल्लू काहीही करत असले तरी आपण विचारावे: या क्षणी त्याची आई जवळ असती, तर काय झाले असते?

आई कुठे गेली?

हा प्रश्न विचारावा लागतो, कारण घरी येणारे बदकाचे पिल्लू बहुधा आईविना वाढलेले असते. आपल्या पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून झालेल्या आहेत. (मस्कोव्ही हे बदक याला अपवाद. त्याचे मूळ अमेरिका खंडातले.) रानातली मॅलार्ड मादी रोज एक याप्रमाणे साधारण दहा अंडी घालते आणि शेवटची अंडी घालून होत आल्यावर नेटाने उबवायला बसते. म्हणून अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली तरी पिल्ले काही तासांच्या अंतराने एकदमच बाहेर येतात.

माणसाने निवड केली ती अंड्यांसाठी. इंग्लंडमध्ये सुमारे 1900 च्या सुमारास तयार झालेली खाकी कॅम्पबेल ही जात वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते, पण अंड्यांवर बसण्याची तिची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. कारण उघड आहे. उबवायला बसलेली मादी अंडी घालणे थांबवते. पिढ्यान्‌पिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडत गेल्यावर खुडूक होण्याचा गुण आपोआप मागे पडला.

मग अंडी उबवायची कोणी? एक तर यंत्राने, नाही तर खुडूक कोंबडीने. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, बदकाच्या अंड्यांना 28 दिवस लागतात आणि मस्कोव्हीच्या अंड्यांना 35. खुडूक कोंबडी हा जादा आठवडा बहुधा निमूटपणे बसते. पुढे ती पिल्ले पाण्यात शिरली, की काठावर तिची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. पिल्ले तिला आई मानतात, तिच्या मागे फिरतात, पण पाण्याची ओढ मात्र तिच्याकडून शिकत नाहीत. म्हणजे ‘कोणाच्या मागे जायचे’ आणि ‘पाण्यात काय करायचे’ या दोन गोष्टी पिल्लाजवळ दोन निरनिराळ्या मार्गांनी येतात. हे मार्ग कोणते ते आता पाहू.

अंड्याच्या आतले बोलणे

अंडे फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधी पिल्लाची चोच अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत शिरते. तिथे ते पहिला श्वास घेते आणि तिथूनच त्याचा आवाज सुरू होतो. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक दिवस किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. नवखा माणूस या वेळी अधीर होतो आणि कवच सोलून पिल्लाला ‘मदत’ करू पाहतो. पण याच काळात कवचाखालील पापुद्र्यातले रक्त पिल्लाच्या शरीरात परत जात असते आणि अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललेल्या पिल्लाला रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा इथे थांबणे हीच मदत.

पोटात घेतलेला हा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. तिच्यावर ते बाहेर आल्यावर एक-दोन दिवस सहज काढू शकते. पहिल्या दिवशी पिल्लू खात नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रानातही पहिला दिवस आईच्या पोटाखाली वाळण्यात आणि झोपण्यात जातो.

अंड्यातल्या या आवाजाचा उपयोग काय? गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर अनेक वर्षे काम केले आणि 1971 साली त्यावर पुस्तक लिहिले. यंत्रात उबवलेल्या, आईचा आवाज कधीही न ऐकलेल्या पिल्लांसमोर त्याने दोन ध्वनिक्षेपक ठेवले. एकातून मॅलार्ड मादीची हाक येई, दुसऱ्यातून कोंबडीची. पिल्ले बदकाच्या हाकेकडे जात. यावरून कोणीही म्हणेल, की आईची हाक ओळखणे हे उपजत आहे, शिकलेले नाही.

गॉटलिब तिथे थांबला नाही. त्याने अंड्यातील गर्भाचे स्वरयंत्र तात्पुरते मुके केले आणि त्याला भावंडांच्या आवाजापासूनही दूर ठेवले. अशी पिल्ले बाहेर आल्यावर बदकाची हाक आणि कोंबडीची हाक यांत नीट निवड करू शकली नाहीत. आणि अशाच मुक्या गर्भांना इतर गर्भांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला, तेव्हा ती निवड पुन्हा जमली. म्हणजे जी गोष्ट जन्मजात वाटत होती तिच्यासाठीसुद्धा अंड्यातल्या अनुभवाची गरज होती! ‘उपजत की शिकलेले’ असा प्रश्न आपण वर्गात सहज टाकतो. त्याचे उत्तर दरवेळी दोहोंपैकी एक असे नसते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

मागे मागे का येते?

एक दिवसाचे पिल्लू माणसाच्या पायामागे धावताना पाहून आपल्याला वाटते, याला माझा लळा लागला. लळा लागतो हे खरे, पण तो लागण्याची रीत वेगळी आहे. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने 1873 साली कोंबडीच्या पिल्लांबद्दल लिहिले होते, की जन्मल्यानंतर लवकरच जी हलणारी वस्तू दिसेल तिच्यामागे ती जातात. पण डोळे झाकून ठेवून चौथ्या दिवशी उघडले तर ती त्याच वस्तूला घाबरून पळतात. पुढे जर्मनीत ऑस्कर हाइनरोथ आणि नंतर ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी हंसवर्गातल्या पक्ष्यांवर याचा अभ्यास केला. लोरेन्झ यांच्या 1935 मधील लेखापासून या घटनेला ‘ठसा पडणे’ असे नाव रूढ झाले. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1973 साली फॉन फ्रिश आणि टिंबर्गेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

हा ठसा केव्हा पडतो? एकहार्ड हेस या शास्त्रज्ञाने गोल मार्गावर बदकाची नकली प्रतिकृती फिरवून पिल्लांची परीक्षा घेतली. 13 ते 16 तासांच्या पिल्लांवर ठसा सर्वांत चांगला पडला आणि सुमारे 30 तासांनंतर ती शक्यता फारच कमी झाली. पुढच्या संशोधनातून दिसले, की ही मर्यादा घड्याळाच्या काट्यासारखी कडक नसते आणि परिस्थितीप्रमाणे ती लांबू शकते. तरी मुख्य मुद्दा कायम आहे. पहिल्या दिवशी पिल्लाला अनोळखी वस्तूची भीती जवळजवळ नसते. ती नंतर वाढत जाते. चालता येऊ लागणे आणि भीती वाटू लागणे यांच्यामधल्या छोट्या खिडकीत ‘माझे कोण’ हे ठरते. रानात या वेळी समोर आईच असते, त्यामुळे चूक होत नाही. शिवाय हेसने पुढे घरट्यांत ध्वनिग्राहक ठेवून पाहिले, तेव्हा आई आणि अंड्यातली पिल्ले यांची हाक-प्रतिहाक आधीच सुरू झालेली असते असे आढळले.

पिल्लू नेमके काय लक्षात ठेवते? 2016 साली ऑक्सफर्डच्या मार्टिन्हो आणि कासेल्निक यांनी नुकत्या जन्मलेल्या पिल्लांपुढे दोन आकारांची जोडी फिरवली. काहींना सारखे दोन आकार दाखवले, काहींना वेगवेगळे. नंतर पूर्णपणे नव्या जोड्या दाखवल्या, तेव्हा ‘सारखे’ पाहिलेली पिल्ले जास्त करून सारख्या जोडीमागे गेली आणि ‘वेगळे’ पाहिलेली वेगळ्या जोडीमागे. एवढेसे पिल्लू वस्तूंबरोबरच त्यांच्यातले नातेही टिपते.

पाण्यात एका रांगेत पोहण्याचाही एक फायदा आहे. आईच्या मागे पोहताना पिल्लांची ताकद कमी खर्च होते हे फ्रँक फिश यांनी 1990 च्या दशकात दाखवले होते. 2021 साली झि-मिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की आईने उठवलेल्या लाटेवर योग्य जागी असलेले पिल्लू जणू पुढे ढकलले जाते आणि रांगेतील पिल्ले ती लाट मागच्याकडे सोपवत जातात. भौतिकशास्त्र शिकवताना लाटांच्या पाठात हे उदाहरण जरूर सांगावे.

आवाजाची भाषा

पाळणाऱ्याला सर्वांत आधी शिकायला हवी ती ही भाषा. ती फार अवघड नाही. पिल्ले एकत्र असताना, खाताना, झोपेला आलेली असताना हळू, मऊ, तुटक आवाज करतात. त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच. दुसरा आवाज मोठा, तीव्र आणि एकसारखा येत राहणारा. हा साद घालण्याचा आवाज. पिल्लू एकटे पडले, गारठले किंवा भुकेले, की तो सुरू होतो. रानात हा आवाज ऐकून आई थांबते किंवा मागे वळते. तेव्हा माणूस खोलीबाहेर गेल्यावर होणारा आरडाओरडा म्हणजे हट्ट नव्हे. हरवलेल्या पिल्लाने जे करायला हवे तेच ते करत असते.

म्हणूनच एकटे पिल्लू आणू नये. दोन-तीन भावंडे एकत्र असली की ती एकमेकांना धीर देतात आणि माणसावरचा भार हलका होतो.

ऊब पुरेशी आहे की नाही हेही पिल्लेच सांगतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 32 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यावी. पण तापमापीपेक्षा पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली एकमेकांवर चढून ती ओरडत असतील तर थंडी आहे. बल्बपासून दूर, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळीकडे पांगून खात, खेळत, झोपत असतील तर ठीक आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दिवसा बल्बची गरजच पडत नाही. तेव्हा धोका असतो तो उष्णतेचा. पेटीचा एक कोपरा नेहमी थंड ठेवावा, म्हणजे पिल्लांना आपली जागा निवडता येते. त्यांची आईसुद्धा त्यांना पोटाखाली कोंडून ठेवत नाही. गारठली की ती आत शिरतात आणि ऊब मिळाली की बाहेर येतात.

चोच म्हणजे हात

कोंबडीची चोच दाणा टिपण्यासाठी असते, बदकाची चिखल चाळण्यासाठी. चोचीच्या कडांना बारीक पट्ट्यांच्या रांगा असतात. पाणी बाहेर जाते आणि खाद्य आत राहते, अगदी गाळणीसारखे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून बदकाच्या चोचीत स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म ग्राहकांची दाटी असते. पिल्लू आपली बोटे, कपड्यांची टोके, चपलेचा पट्टा चोचीने चाचपत राहते ते चावण्यासाठी नव्हे. ते हाताने चाचपून पाहावे तसे असते.

आता घास आणि पाणी यांचे कोडे सुटते. पिल्लू कोरडे खाद्य तोंडात घेते आणि ते गिळायला सोपे व्हावे म्हणून पाण्याकडे धावते. पाण्यात खाद्य मिसळते, पाणी जमिनीवर सांडते आणि चिखल होतो. पिल्लाच्या दृष्टीने सर्व ठीक चाललेले असते! पाळणाऱ्याने एवढे करावे, की खाद्य ठेवले तिथे पाणी असलेच पाहिजे. पाण्याशिवाय कोरडे पीठ घशात अडकू शकते. पाण्याचे भांडे इतके खोल हवे की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, कारण नाकपुड्यांत आणि डोळ्यांत अडकलेले खाद्य पिल्लू पाण्यानेच धुऊन काढते. मात्र त्यात पिल्लाला पडता येऊ नये म्हणून गोटे घालावेत. खाली भाताचे तूस किंवा गोणपाट घालावे आणि ओले झाले की बदलावे. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि ते व्यंग कायमचे राहू शकते.

पाण्यात केव्हा सोडावे?

नव्या पाळणाऱ्याकडून सर्वांत मोठे नुकसान होते ते इथे. रानातले पिल्लू एक-दोन दिवसांचे असतानाच पोहते, मग आपले का नाही? परत तोच प्रश्न विचारावा: आई असती तर? आई पिल्लांना पाण्यातून बाहेर काढते, पोटाखाली घेते, वाळवते आणि ऊब देते. पिल्लाच्या अंगावरची लव हवा धरून ठेवते आणि पाणी आत येऊ देत नाही, पण ती नीटनेटकी राहिली तरच. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतले तेल पिसांना लावणे आणि चोचीने ती विंचरणे हे काम मोठे बदक दिवसभर करत असते. पिल्लाची ग्रंथी हळूहळू काम करू लागते, आणि आईच्या तेलकट पिसांखाली बसण्याची सोय तर यंत्रात जन्मलेल्या पिल्लाला नसतेच. त्याची लव पाण्याने भिजते, पिल्लू गारठते आणि कधी कधी बुडतेसुद्धा. बदकाचे पिल्लू पाण्यात बुडून मरते हे ऐकून आश्चर्य वाटते, पण उभ्या, गुळगुळीत कडांच्या टोपात किंवा हौदात असे घडते.

म्हणून पहिले काही आठवडे परातीत बोटभर कोमट पाणी घ्यावे, पिल्लांना चढता-उतरता येईल अशी वीट ठेवावी आणि समोर बसून पाच-दहा मिनिटे त्यांना खेळू द्यावे. नंतर पुसून उबेत ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खरी पिसे येऊ लागतात आणि सात-आठ आठवड्यांत अंग पिसांनी भरते. त्यानंतर पाण्याची भीती उरत नाही.

परातीत सोडल्यावर पिल्ले एकाएकी सैरावैरा धावू लागतात, बुडी मारतात, इवले पंख फडफडवतात. ते घाबरलेले नसते. आंघोळ आणि खेळ यांचा तो भाग आहे. गंमत म्हणजे पाण्याचे भांडे लहान असले तरी शेजारच्या कोरड्या जमिनीवर बसून ती अंगावर पाणी घेण्याचे सारे हावभाव करतात. आंघोळीचा हा क्रम आतूनच चालू होतो. पाणी अंगावर पडते की नाही यावर तो अवलंबून नसतो.

झोप, दचकणे, वाकडी मान

पिल्लांची झोप तुकड्या-तुकड्यांची असते. धावता धावता ती जागीच कोसळल्यासारखी झोपतात, मान जमिनीवर आडवी, पाय मागे. हळूच स्पर्श केल्यावर ती उठून चालू लागली की काळजी मिटली. मोठ्या बदकांच्या झोपेबद्दल 1999 साली एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध झाले. रांगेने झोपलेल्या मॅलार्ड बदकांपैकी टोकाला असलेली बदके बाहेरच्या बाजूचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतात आणि त्या वेळी मेंदूचा अर्धाच भाग झोपलेला असतो.

वरून हात आला की सर्व पिल्ले एकदम उधळतात, कारण संकट बहुधा आकाशातून येते. त्यामुळे पिल्लू उचलताना हात खालून, समोरून, हळू न्यावा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने वर पाहायचे तर मान वाकडी करून एक डोळा आकाशाकडे करावा लागतो. असे पाहून झाल्यावर मान सरळ झाली तर ते निरोगी. ती वाकडीच राहिली, पिल्लाचा तोल जाऊ लागला, तर मात्र तो आजार समजावा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यादरम्यान आवाजही बदलतो. चिवचिव जाऊन मादीला खणखणीत ‘क्वॅक’ फुटतो आणि नराचा आवाज घोगरा, हलका होतो. घसा बसला म्हणून नराला औषध पाजण्याची गरज नाही!

काळजी केव्हा करावी?

कळपापासून दूर, डोळे मिटून, पिसे फुगवून गप्प बसलेले पिल्लू, न खाणारे, उठवल्यावरही न उठणारे, डोळ्यांत फेस असलेले, थंडीत नसताना थरथरणारे किंवा गारव्यातही धापा टाकणारे पिल्लू पशुवैद्यकाला दाखवावे. इथे ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पिल्लाची चिंता जास्त करावी.

दोन गोष्टी खाद्याशी निगडित आहेत. नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व बदकांना कोंबड्यांपेक्षा जास्त लागते. किलोभर खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम असावे असे मानतात. ट्रिप्टोफेन या अमिनो आम्लापासून ते शरीरात तयार करण्याची क्षमता बदकांत कमी असते. मक्याचा भरडा आणि कणी एवढ्यावरच वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, घोटे सुजतात आणि ती बसून राहतात. पिल्लू ‘आळशी’ झाले असे वाटते, पण ते उपासमारीचेच लक्षण असते. मक्यावर जगणाऱ्या माणसांना याच अभावाने पेलाग्रा होतो. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते.

दुसरी गोष्ट बुरशीची. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले आणि बदकाची पिल्लेही मेली. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील बुरशीचे विष हे त्याचे कारण निघाले. तेच अफ्लाटॉक्सिन. बदकाची पिल्ले त्याला इतकी संवेदनशील असतात, की पुढे हे विष ओळखण्याच्या चाचणीसाठी त्यांचाच वापर होऊ लागला. दमट हवेत साठवलेली पेंड किंवा मका त्यांना कधीही देऊ नये.

शाळेत पिल्ले आणावीत का?

अंडी उबवून पिल्ले बाहेर येताना पाहणे हा मुलांसाठी विलक्षण अनुभव असतो. पण ठशाबद्दल जे पाहिले ते लक्षात घेता, निर्णय घेण्याआधी विचार करायला हवा. पहिल्या दिवशी वर्गात तीस मुलांमध्ये वाढलेले पिल्लू सुट्टी लागल्यावर कोणाच्या मागे जाणार? इतर जातींच्या सहवासात वाढलेले नर मोठेपणी त्याच जातीच्या पक्ष्यांशी प्रियाराधन करताना आढळले आहेत. म्हणजे पहिल्या दिवसांचा परिणाम पुढेही टिकतो. आणि नीट सांभाळलेले बदक आठ-दहा वर्षे जगते. ज्या घरी बदके आहेत आणि पुढेही राहणार आहेत, तिथे मुलांना न्यावे हे अधिक बरे. पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

गावाजवळ तळे असेल तर पावसाळ्यात आणि त्यानंतर हळदी-कुंकू बदक पिल्लांसह दिसण्याची शक्यता असते. हे मॅलार्डचे जवळचे नातलग. त्याची अंडी किंवा पिल्ले मात्र घरी आणू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे, आणि लांबून पाहिले तर दिसते ते पेटीत कधीच दिसणार नाही, ते म्हणजे आई.

मुलांना वहीत पुढील गोष्टी नोंदवायला सांगाव्यात. दहा मिनिटांत पिल्ले किती वेळा खाण्याकडून पाण्याकडे गेली? झोपेचा प्रत्येक तुकडा किती मिनिटांचा होता? एक पिल्लू मागे पडल्यावर त्याचा आवाज कसा बदलला, आणि तो ऐकून इतरांनी काय केले? हीच निरीक्षणे कोंबडीच्या पिल्लांचीही करावीत आणि दोन तक्ते शेजारी ठेवावेत. ‘असे का?’ हे आधी मुलांनाच सुचवू द्यावे, आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारावे: हे आपण पाहिले, की आपल्याला वाटले?